यादीतली सुधारलेली नावं

साहेब जे बोलले ते मी त्या जर्मन माणसाला सांगितलंच नाही. दुसरंच काहीतरी सांगितलं, गोड आणि गुळगुळीत. ह्याला आता काही वर्षं होऊन गेली, तरी त्या एका वाक्याचा राग डोक्यातून जात नाही. साहेबांचा येतोच, पण स्वतःचा त्याहून जास्त येतो. लिहून काढलं तर थोडा उतरेल असं वाटलं होतं. पहिल्या चार ओळी लिहिल्या आणि तो वाढलाच.

मी नवापूरची. वडिलांची होडी होती, आई बोंबील सुकवून बोईसरच्या बाजारात विकायची. पालघरच्या कॉलेजात बी.एस्सी. झाले आणि बोईसरच्या एमआयडीसीत, औषधाच्या गोळ्या पॅक करणाऱ्या एका कारखान्यात लागले. माझं काम कागदांचं. मशीनची माहितीपुस्तकं सांभाळायची, नोंदी नीट ठेवायच्या, तपासणीला कोणी आलं की मागेल तो कागद काढून द्यायचा. आमची बरीचशी मशिनं जर्मनीची होती आणि त्यांच्या पुस्तकांचं इंग्रजी इतकं मोडकं असायचं की वाचून माणूस आणखी गोंधळायचा. म्हणून मी मोबाईलवर क्लास लावून जर्मन शिकायला लागले. संध्याकाळी ओट्यावर बसून मोठ्याने उच्चार करायची. आई टोपलीतले बोंबील निवडता निवडता म्हणायची, "कोनाशी भांडतेस गं एवढी?"

तीन वर्षांत बऱ्यापैकी बोलता येऊ लागलं. मग कारखान्यात गोळ्यांच्या पट्ट्या करणारं नवं मशीन आलं आणि ते शिकवायला सहा आठवड्यांसाठी तिकडून एक प्रशिक्षक आला. त्याचं इंग्रजी माझ्यापेक्षाही कच्चं. तेव्हा ॲडमिनच्या साहेबांना माझी आठवण झाली. "तुला ती भाषा येते म्हणतात. ये, उभी राहा त्याच्या बाजूला."

हे साहेब म्हणजे आमच्या सगळ्यांच्या हजेऱ्या, रजा, बढत्या ज्यांच्या हातात होत्या ते. घाटावरचे, आडनाव 'कर'ने संपणारं, मराठी अगदी पुस्तकी. नोटीस बोर्डावरच्या चुका ते लाल पेनाने दुरुस्त करत. मी नवीन असताना बोलताना एकदा "नाय" म्हणाले, तर सगळ्यांसमोर त्यांनी मला तीनदा "नाही" म्हणायला लावलं होतं. मी म्हटलं होतं. तीनही वेळा.

मशीन शिकायला आठ जण निवडले. सगळे कंत्राटी. सहा आठवड्यांनी परीक्षा, पास होईल त्याला जर्मन कंपनीचं प्रमाणपत्र, आणि ते हातात आलं की मशीनवर ऑपरेटर म्हणून पर्मनंट. आठात एकच बाई होती. वाणगावच्या पलीकडे आत एका पाड्यावर राहणारी, वारली, माझ्याच वयाची. पाड्यावरून चालत वाणगाव फाट्यावर यायची आणि तिथून कंपनीच्या बसने कामाला. दहा वर्षं तिने पॅकिंगच्या टेबलावर उभं राहून काढली होती. तिचं नाव इथे लिहीत नाही, कुणाचंच लिहीत नाही. पण एवढं सांगायलाच हवं, की ते नाव बुधवारावरून ठेवलेलं होतं.

पहिल्या दिवशी प्रशिक्षकाने मशीनला हातही लावला नाही. आधी ओळख, म्हणाला. फळ्यावर त्याने स्वतःचं नाव लिहिलं आणि मधोमध उभी रेघ मारून त्याचे दोन तुकडे केले. पहिला तुकडा 'गेर', म्हणजे भाला. दुसरा 'हार्ट', म्हणजे कणखर. आमच्याकडची जुनी नावं अशीच, तो सांगू लागला आणि मी मराठीत सांगत गेले. दोन काठ्या एकत्र बांधाव्यात तशी. 'फ्रीड' म्हणजे शांतता, 'रिश' म्हणजे सत्ता, 'आडाल' म्हणजे मोठं कूळ, 'बेर्ट' म्हणजे लखलखीत. बापाच्या नावातला एक तुकडा, आईच्या नावातला एक, जोडला की मुलाचं नाव तयार. जोडून अर्थ लागतो की नाही, कुणी बघत नसे. "भाल्यासारखा कणखर" असं स्वतःकडे बोट दाखवून तो हसला. माणूस काडीसारखा होता. गेटवरच्या कुत्र्यांना इतका घाबरायचा की वॉचमन त्याला आतपर्यंत सोडायला यायचा.

मग त्याने आजीचं नाव लिहिलं. तेही तोडलं. 'हिल्ड' म्हणजे लढाई. आणि दुसरा तुकडा, 'गुंड', त्याचाही अर्थ लढाईच.

'गुंड' मी उच्चारला मात्र, आठही जण फुटले. एकजण म्हणाला, "आजी गुंड हाय याची!" पुन्हा हशा. प्रशिक्षकाने मला विचारलं, काय झालं. मी घाबरत घाबरत सांगितलं की आमच्या भाषेत गुंड म्हणजे दादागिरी करणारा माणूस. तो टेबलावर हात आपटून हसला. म्हणाला, "तुम्ही तिला ओळखत होतात की काय?"

साहेब मात्र दारात उभे होते. ते हसले नाहीत. "गप्प बसा," म्हणाले. "पाहुणे आहेत ते. त्यांच्या घरच्या वडीलधाऱ्या बाईच्या नावाला हसता? संस्कार आहेत का नाही?"

मग एकेकाने उठून नाव आणि अर्थ सांगायला सुरुवात केली. देवांची नावं, राजांची नावं. ती वारली बाई चौथी उठली. नाव सांगितलं. अर्थ विचारला तर म्हणाली, "मी बुधवारची हाय. म्हणून."

आणि साहेब हसले. ते, ज्यांनी आत्ता दोन मिनिटांपूर्वी संस्कार विचारले होते. मोठ्याने, खांदे हलवून हसले. "वाराचं नाव! घ्या! बरं झालं हो, अमावास्येला नाही जन्मली. ह्यांच्यात नाव ठेवायची पद्धतच नाही. मूल झालं की कॅलेंडरकडे बघायचं आणि मोकळं व्हायचं. रविवारी झालं असतं तर सुट्टीच ठेवली असती."

दोघंतिघं साहेबांकडे बघून हसले. बाकीचे खाली बघत होते. प्रशिक्षक माझ्याकडे वळला. "काय म्हणाले ते?"

मी म्हणाले, "ते म्हणतात, छान नाव आहे. सोपं आहे."

ती हसली नव्हती. ती माझ्या तोंडाकडे बघत होती. जर्मनचा एक शब्द तिला येत नव्हता, पण बघत होती. चहाच्या सुट्टीत कप घेऊन शेजारी आली. "बाय, तू काय सांगलंस त्याला?"

"तेच, साहेब जे बोलले ते."

"साहेब एवढा मोठा बोलला," तिने दोन्ही हात फाकवून दाखवले. "तुजा एवढासाच झाला."

मी म्हटलं, त्यांची भाषा आटोपशीर आहे. हे दुसरं खोटं. तिने मान हलवली, चहा प्यायला, कप विसळून ठेवला. पुढे तिने तो विषय काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

प्रशिक्षण सुरू झालं आणि पहिल्याच आठवड्यात कळलं की त्या आठांत मशीन जर कुणाला कळत असेल तर तिला. प्रशिक्षक पडद्यावरचे आकडे दाखवायचा. ती आवाज ऐकायची. गोळ्यांवर फॉइल चिकटवणारा रोलर थोडासा जरी हलला तरी तिच्या कपाळाला आठी पडायची. एकदा तो बटणं दाबत चूक शोधत होता, तर ती मशीनच्या मागून म्हणाली, "त्याला सांग, डावीकडचा सैल झाला." मी सांगितलं. त्याने पाना लावला, अर्धा फेरा दिला, मशीन सरळ चालू लागलं. त्यानंतर तो काहीही अडलं की आधी तिच्याकडे बघायचा.

दुपारी डबे खाताना त्यांचं बोलणं माझ्यामार्फत चालायचं. तिने त्या नावांचा पिच्छाच घेतला होता. "त्याला विचार, शेती करनाऱ्याचं काय नाव असायचं? भाला, लढाई, राजा. सगळी पाटलांची न शिपायांचीच झाली." प्रशिक्षक विचारात पडला. मग म्हणाला, खरं आहे. सरदारांची नावं होती ती. पुढे शेतकऱ्यांनी उचलली, बरी वाटली म्हणून. कोंबड्या पाळणाराही मुलाचं नाव 'कुळवंत सत्ता' अशा अर्थाचं ठेवू लागला.

"न वारांची नावं?"

तेव्हा त्याने सांगितलं ते मी कधी विसरणार नाही. त्यांचेही वार जुन्या देवांच्या नावांचे. गुरुवार गडगडाटाच्या देवाचा, शुक्रवार एका देवीचा. बुधवारही एका मोठ्या देवाचा होता. पण धर्म बदलला आणि नव्या धर्माच्या लोकांना तो देव नको झाला. म्हणून जर्मनमध्ये त्या एका वाराचं नावच काढून टाकलं आणि त्याला नुसतं 'आठवड्याचा मधला' म्हणू लागले.

ती चपातीचा तुकडा हातात धरून ऐकत होती. "म्हंजे माझ्याच वाराचा नाव काढला? बाकीच्यांचा ठेवला?"

"हो."

"कोनाला विचारलां व्हता का?"

मी विचारलं. प्रशिक्षक म्हणाला, नसावं विचारलं.

मला त्या माणसाचं सगळं पटायचं असं नाही. पण एका दुपारी मी सहज विचारलं की 'डॉइच' ह्या शब्दाचा, त्यांच्या भाषेच्याच नावाचा, अर्थ काय. तो म्हणाला, 'दीट' म्हणून एक जुना तुकडा आहे, नावांच्या सुरुवातीला येतो, अर्थ लोक. डॉइच त्याच मुळातला. पाद्री आणि पंडित लॅटिन लिहायचे. बाजारात, शेतात, घरात लोक जे बोलायचे ते 'लोकांचं बोलणं', म्हणजे डॉइच. त्या दिवशी घरी जाताना शेअर रिक्षात माझे कान तापले होते. एका अख्ख्या देशाने अडाण्यांच्या बोलीचं नाव कपाळावर लावलंय आणि मिरवतोय. आणि मी? नोकरीच्या मुलाखतीआधी आरशासमोर उभं राहून "आहे, आहे, आहे" घोकणारी. घरी आल्यावर आई म्हणाली, "जेवान झाला हाय." मी म्हणाले, "झालं आहे." तोंडातून निघून गेलं. आईने ताट वाढलं.

पाचव्या आठवड्यात साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. मशीनच्या उद्‌घाटनाला जर्मन कंपनीचा एक संचालक येणार होता. त्याच्या नावाआधी 'फॉन' होतं. साहेबांच्या अंगात आलं होतं. "फॉन म्हणजे सरदार घराणं, कळलं का?" बॅनरवर इंग्रजीत तो 'व्ही' मोठा लिहायचा की छोटा, ह्यावरून त्यांनी मला तीनदा जर्मनीला मेल करायला लावला. पेंटरकडून बॅनर दोनदा परत आला. प्रशिक्षकाला मी विचारलं तर तो म्हणाला, फॉनचा अर्थ फक्त 'कुठचा'. अमक्या गावचा. पुष्कळ सरदारांना लागतं, पण काही भागांत सुतारालाही लागायचं. मी ते साहेबांना सांगितलं, आणि सहज म्हणून जोडलं, "सर, म्हणजे आपल्या 'कर'सारखंच." ते खूश झाले. त्यांना सुतार ऐकूच आला नाही.

त्याच दिवशी त्यांनी मला प्रमाणपत्रांसाठी पाठवायची नावांची यादी दिली, टाईप करून मेल करायला. आठ नावं. त्यातली तीन मला ओळखू आली नाहीत. बुधवारच्या जागी एका देवीचं चार अक्षरी नाव होतं. पाम गावच्या एका वयस्क कामगाराचं घरगुती, दगडावरून ठेवलेलं नाव गेलं होतं. तिथे एका राजाचं नाव होतं. तिसऱ्याचंही तसंच.

"सर, ही नावं…"

"सुधारली आहेत. यादी परदेशात जाते. कंपनीची काही इज्जत आहे का नाही?"

"पण त्यांना विचारलं का?"

त्यांनी चष्मा काढला. "तू नवापूरची ना? आलीस तेव्हा हाय-नाय करत होतीस. सुधारलीस की नाही? काही बिघडलं तुझं? त्यांचंही चांगलंच होईल. टाईप कर."

मी टाईप केली. खरं ते हेच आहे. मला जबरदस्ती कुणी केली नव्हती. माझ्या खुर्चीवर बसून, माझ्या बोटांनी मी ती नावं टाईप केली, पुन्हा एकदा वाचून स्पेलिंग तपासलं आणि पाठवली. तिला सांगायला जायचं तर दहा पावलांवर मशीन होतं. गेले नाही.

परीक्षेत ती पहिली आली. उद्‌घाटन झालं, बॅनरवर 'व्ही' छोटा होता, संचालकाला शाल मिळाली. प्रशिक्षक दुसऱ्या दिवशी गेला. जाताना तिला स्वतःचा पाना देऊन गेला.

दोन महिन्यांनी प्रमाणपत्रं आली. पर्मनंटच्या फॉर्मला आधार कार्ड जोडायचं होतं. पाच जणांचं काम आठवड्यात झालं. तिचं अडलं, कारण आधारवर एक बाई आणि प्रमाणपत्रावर दुसरीच. ती साहेबांकडे गेली. साहेब म्हणाले, "एवढंच ना? पालघरला जा, शपथपत्र कर, नाव बदलून घे. तसंही हे नाव चांगलं आहे." तोवर मशीनवर त्या आठांतलाच, दुसऱ्या पाळीतला एक जण बसवला. परीक्षेत तो सातवा होता. मी त्या सातव्याला दोष देत नाही. पण तो मशीन चालवायचा आणि ती पुन्हा पॅकिंगच्या टेबलावरून, पाठ फिरवून, त्या रोलरचा आवाज ऐकायची. सैल झालेला तिला कळायचा. तिने एकदाही सांगितलं नाही.

तिला फॉर्म भरायला सोबत हवी होती. मला विचारलं. आम्ही दोघी रजा टाकून पालघरला गेलो. तहसील ऑफिसच्या बाहेर झाडाखाली टायपिस्ट बसतात, त्यातल्या एकाच्या टेबलाशी बसलो. तो सरावाने विचारू लागला.

"जुनं नाव?"

तिने सांगितलं.

"नवीन नाव?"

तिने पिशवीतून प्रमाणपत्र काढलं आणि त्याच्यासमोर धरलं. ते नाव तिच्या तोंडात बसलेलं नव्हतं.

"बदलण्याचं कारण?"

"काय लिवतात?"

"काहीही. स्वखुशीने लिहितो."

"नाय," ती म्हणाली.

"अहो बाई, सगळे तेच लिहितात."

"स्वखुशीने नाय. मंग कशाला लिवायचा?" ती उठली. प्रमाणपत्राची घडी करून पिशवीत टाकलं. "माझा नाव माझ्या आयने ठेवला. मी शपथ घेऊन सांगू का आता, का तो खोटा व्हता?"

आम्ही रस्त्याकडेच्या कट्ट्यावर येऊन बसलो. ती पुन्हापुन्हा म्हणत होती, "कोनी लिवला असंल? कोनी?" आणि मला गप्प राहवेना. मी सांगितलं. यादी मी टाईप केली. आणि पहिल्या दिवशीचंही सांगितलं, साहेब काय बोलले आणि मी काय सांगितलं.

मला वाटलं होतं ती ओरडेल. तिने पिशवीची गाठ बांधली. मग म्हणाली, "साहेब हसला त्याचा काय नाय. तो हसनारच. तुला दोनी बोल्या येतात. तिथं दुसऱ्या कोनाला येत व्हत्या का? मला एक शब्द इचारायचा व्हतास." आणि पिशवी उचलून चालायला लागली. मी मागे गेले तर वळून म्हणाली, "तू नको येव." ती एकटी गेली. मी पालघरच्या त्या कट्ट्यावर बसून होते आणि माझा मलाच इतका संताप आला होता की कुणी शेजारी बसायला आलं तरी मी उठून दुसरीकडे जात होते.

रविवारी मी प्रशिक्षकाला पत्र लिहिलं. सकाळी बसले ते दुपार झाली. काही झाकलं नाही. तीन नावं, कोणी बदलली, कोणी टाईप केली. पहिल्या दिवशी साहेब खरोखर काय बोलले होते, तेही शब्दाला शब्द लिहिलं. अमावास्येला जर्मनमध्ये तो अर्थ येत नाही, तर त्यासाठी चार ओळी खर्च केल्या. आईने विचारलं, "परत भांडतेस?" मी म्हटलं, "हां. आता भांडतंय." 

चौथ्या दिवशी उत्तर आलं. त्याने लिहिलं होतं, प्रमाणपत्रावरचं नाव बघून त्याने इथे फोन केला होता, आणि त्याला सांगण्यात आलं की कागदोपत्री नाव तेच आहे. "ती त्या दिवशी हसली नव्हती, हे मी पाहिलं होतं," त्याने लिहिलं. "छान नाव म्हटल्यावर माणूस असा का बसेल, हे मला कळलं नव्हतं." एवढंच. मला धीर देणारा एकही शब्द त्यात नव्हता आणि नव्हता तेच योग्य होतं. तीन नवी प्रमाणपत्रं त्याने थेट कारखान्याच्या प्रमुखांच्या नावाने पाठवली, सोबत पत्र.

साहेबांनी मला बोलावलं तेव्हा त्यांचा चेहरा लाल झाला होता. "कंपनीच्या बाहेर पत्रव्यवहार? कुणाच्या परवानगीने?"

"नावं तुम्ही कुणाच्या परवानगीने बदललीत?"

"मी त्यांचं भलं केलं!"

"एका छोट्या 'व्ही'साठी तीनदा मेल करायला लावलात तुम्ही मला," मी म्हणाले. माझा आवाज बाहेर ऐकू जात होता, मला पर्वा नव्हती. "दोनदा बॅनर परत पाठवलात. त्या माणसाच्या नावातलं एक अक्षर मोठं होऊ नये म्हणून. आणि रोज तुमच्या डोळ्यांसमोरून जाणाऱ्या बाईला तिचं नाव एकदा विचारलं नाहीत. त्याची आजी लढाई-लढाई, तिला हसायचं नाय. हिची आय बुधवारी बाळंत झाली, तिला हसायचं. का हो? सांगा ना. का?"

"नीट बोल," साहेब म्हणाले. "काय नाय-नाय लावलंय?"

"नाय बोलनार," मी म्हणाले, आणि बाहेर आले.

मला वाटलं होतं आता सगळं सरळ होईल. तसं काही होत नसतं. तिला मशीन मिळालं, पण आणखी तीन आठवडे गेल्यावर आणि तेही ती बाकीच्या कामगारांना घेऊन प्रमुखांच्या दारात दोन दिवस उभी राहिली तेव्हा. पर्मनंटची तारीख मागची धरली नाही. नोकरीच्या ज्येष्ठतेत पाचजणांच्या मागे ती कायमची राहिली. तिसऱ्या माणसाने नवं प्रमाणपत्र घेतलं. पामचे ते वयस्क कामगार मात्र हसून म्हणाले, "माझा र्‍हाऊं दे." त्यांनी साहेबांचं ऐकून आधीच पालघरला जाऊन शपथपत्र केलं होतं. आधार, बँक, रेशन, सगळीकडे आता ते राजे होते. "परत कोन रांगेत उभा र्‍हातोय? घरी जुन्याच नावाने हाक मारतात. पुरे तेवढी." मला तिथेच रडू फुटलं आणि त्यांनी मला पाणी आणून दिलं. ज्यांचं नाव मी पुसलं त्यांनी.

मला कागदांच्या कामावरून काढून स्टोअरला टाकलं. अजून तिथेच आहे. गोण्या आणि ड्रम मोजते. साहेबांना काही झालं नाही. एक कागद निघाला, त्यात 'लिपिकीय चूक' असं लिहिलं होतं. लिपिक म्हणजे मी.

तिच्या-माझ्यात आता बोलणं आहे. कॅन्टीनमध्ये शेजारी जागा असली तर बसते. वाणगावच्या मिरच्या आणते, मी सुके बोंबील देते. पण काही विचारायचं असलं, फॉर्म, मेसेज, बँकेचं पत्र, तर ती माझ्याकडे येत नाही. मुलीकडून वाचून घेते. मी तिला दोष देत नाही. मीही माझ्यासारख्या बाईकडे कागद नेला नसता.

मागच्या वर्षी साहेबांची बदली झाली, बढतीवर. कॅन्टीनमध्ये निरोप समारंभ होता. ऑफिसातून मला निरोप आला की मराठी चांगलं आहे तुझं, भाषणाचे चार शब्द लिहून दे. मी दिले नाहीत. समारंभालाही गेले नाही, स्टोअरच्या पायरीवर बसून राहिले. टाळ्या ऐकू येत होत्या. थोड्या वेळाने ती शिफ्ट संपवून तिथून चालली होती, हातात कागदाच्या डिशमध्ये पेढा.

"तू गेलीस?" मी विचारलं. माझा आवाज चढला होता. "त्यांचा पेढा खाल्लास?"

"दोन खाल्ले," ती म्हणाली. "ह्यो तिसरा. पेढ्याने काय केलां?" तिने अर्धा तोडून माझ्यापुढे धरला.

मी घेतला नाही. तो अर्धाही तिने तोंडात टाकला, डिश चुरगळून डब्यात टाकली आणि बस पकडायला गेली.